कडा संपल्यावरची उडी

कडा संपला, पाय हवेत गेला, बटण त्यानंतर दाबलं गेलं. तरी गेममधलं पात्र झेप घेतंच. आपण खूश: काय वेळ साधली! प्रत्यक्षात वेळ चुकलेली असते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या गेममध्ये पायाखालची जमीन सरल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडीची मुभा असते. डोकं कोपऱ्याला थोडक्यात आपटणार असेल, तर पात्राला गुपचूप बाजूला सरकवतात. उडीच्या शिखरावर बटण दाबून धरलं, तर गुरुत्वाकर्षणसुद्धा निम्मं होतं! ही मायाळू लबाडी कुणीतरी मोजूनमापून ठरवलेली असते. त्या माणसाला गेम डिझायनर म्हणतात.

बदलापूरच्या बेलवलीतल्या एखाद्या घरात बारावीच्या निकालानंतर हा शब्द निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे कॉम्प्युटरच ना?” तसं नाही. कोड प्रोग्रामर लिहितो, चित्रं चित्रकार काढतो. डिझायनर नियम ठरवतो, आणि नियमांतून माणसाच्या मनात काय उमटेल ते. परंपरा ज्या मोक्षपटाचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते, त्यात कॉम्प्युटर कुठे होता? सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, हातात कवड्या. पण साप अगदी शेवटाजवळ ठेवला की जिंकत आलेल्याचाही श्वास अडकतो. तोच साप सुरुवातीला ठेवा, कुणाला काही वाटणार नाही.

असं काम करणारी माणसं फार दूर नाहीत. बदलापूरहून जाणारा लोहमार्ग कर्जतचा घाट चढून पुण्याला पोचतो. तिथल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट घेऊन ‘राजी’ हा गेम केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला. तरी २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. आईवडिलांना हे सांगताना फसलेलं २०१७ साल गाळू नये, असं मला वाटतं. या धंद्यात पगाराइतकीच अनिश्चितताही खरी आहे.

पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइन शिकता येतं. पण काम मागायला गेल्यावर आधी विचारतात, काय बनवलंय ते दाखव. तेव्हा घरातला सापशिडीचा पट काढा, दोन साप हलवा, एक नियम बदला आणि भावंडांना खेळायला बसवा. आपण तोंड मिटून बघायचं: कोण कुठे ओरडतं, कोण कुठे जांभई देतं. ते वहीत लिहायचं, साप पुन्हा हलवायचे. पुढे कॉम्प्युटर लागेल तेव्हा ‘गोडो’ नावाचं गेम इंजिन फुकट मिळतं.