गोल बसण्याची चाळीस वर्षं

बारामती एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या गेटमधून आत शिरलं की सेफ्टीचा फलक नजरेला पडतो. अपघाताविना किती दिवस गेले, तो आकडा त्यावर रोज बदलतात. कामगार जायबंदी झाला की आकडा पुन्हा शून्यावर येतो. त्याच गेटमधून नाईट करून बाहेर पडणारा एखादा माणूस महिनोन्महिने नीट झोपलेला नसतो, घरी कुणाशी धड बोलत नसतो, पगार झाला की त्याची पावलं घराकडे वळत नसतात. त्याचे दिवस कुणी मोजत नाही. निदान त्यानं ते कुणाला तरी सांगावेत, अशी सोय असायला हवी. महाराष्ट्रात ही सोय गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू उभी राहिली, आणि ती उभी करणाऱ्यांत डॉक्टरांइतकाच वाटा दुखणं भोगलेल्यांचा आहे. ती आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात किती पोहोचली, हे तपासायचं तर सुरुवातीपासून पाहावं लागेल.

सुरुवात पुण्याची. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि कॉलेजांत शिरली. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तोवर व्यसनी माणसाला घरात मार, गावात हसं आणि दवाखान्यात गुंगीचं इंजेक्शन एवढंच मिळत होतं. मुक्तांगणात तो ‘रुग्णमित्र’ झाला. औषधं होतीच, पण दिवसाचा मोठा भाग सकाळची सभा, गटात बसून बोलणं, स्वतःच्या हातानं डायरी लिहिणं यात जाई. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे तिथे समुपदेशक झाली. मला हे त्या प्रयोगातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. आदल्या वर्षी स्वतः घरातली भांडी विकलेला माणूस समोर बसला असेल, तर भांडी विकणाऱ्याला खोटं बोलायची गरज उरत नाही.

गोल बसायची ही रीत मुक्तांगणाआधीची आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत दारूत बुडून बाहेर आलेल्या एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं सुरू केली. भारतात ती १९५७ साली आली. आज मराठी मुलखात तिच्या मीटिंगा एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या मागच्या खोलीत, देवळाच्या सभामंडपात भरतात. फी नाही, रजिस्टर नाही. एकजण पुढे बसून मीटिंग चालवतो. बोलणारा आधी पहिलं नाव सांगतो, आडनाव नाही, मग ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःचं सांगू लागतो. शेजारच्याचं नाही, बायकोचं नाही, साहेबाचं नाही. तो बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालत नाही. त्याचं संपलं की कुणी त्याला सल्ला देत नाही, पुढचा फक्त आपलं सांगतो. तिथे ऐकलेलं बाहेर जात नाही. शेवटी प्रार्थना, चहा आणि पुढच्या मीटिंगची वेळ. आयुष्यभर सोडायची शपथ कुणी घ्यायला लावत नाही, फक्त आजचा दिवस. एवढ्याशा नियमांवर हे सगळं उभं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत, मग ती भावकीची असो की मंडळाची, पाच मिनिटं कुणाला न टोकता ऐकणं किती अवघड जातं, हे आठवलं की त्या नियमांची किंमत कळते.

मुक्तांगणानं यात आपली भर घातली ती बायकांच्या गटाची. ‘सहचरी’ या गटात पिणाऱ्याच्या बायका एकत्र येतात. नवरा दाखल झाला की बाई जराशी श्वास घेते, आणि तेव्हाच तिच्या ध्यानात येतं की आपणही आजारी पडलोय. झोप गेलेली असते, पोरांवर हात उचलला जात असतो, सणाला माहेरी जायची लाज वाटत असते. हे ती सासूला सांगत नाही, जावेला तर नाहीच. दुसरी पिणाऱ्याचीच बायको समोर असेल तर सांगते. अनिताताई १९९७ साली कर्करोगानं गेल्या, अवचट २०२२च्या जानेवारीत गेले. काम त्यांच्या लेकीनं, मुक्ता पुणतांबेकर यांनी, पुढे नेलं.

१९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ काढली. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे वेडाच्या डॉक्टरकडे, या धारणेला त्यांनी व्याख्यानं, नाटकं आणि शिबिरांतून धक्का दिला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत आणण्याचं काम कि. मो. फडक्यांनी केलं होतंच. नाडकर्णींनी तिला संतांच्या आणि गीतेच्या चिंतनाशेजारी बसवलं. त्यामुळे आधी अनोळखी वाटणारी ही भाषा मराठी घरांत सहज शिरली.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेतली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली, हजारो माणसं मेली. ब्लँकेट आणि पत्रे पोहोचले, घरं बांधली गेली. पण मागे राहिलेल्याच्या छातीतल्या भीतीचं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रानं त्या वेळी बहुधा पहिल्यांदाच जाहीरपणे विचारला. डॉ. मोहन आगाशे ज्या मानसिक आरोग्य संस्थेचे प्रमुख होते, त्या पुण्याच्या संस्थेतले लोक तिथे गेले. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला आणली, तिथे राहण्या-शिकण्याची सोय केली. सगळं गमावलेली पोरं सगळं गमावलेल्या पोरांसोबत वाढली. पुनर्वसन म्हणजे नुसतं घर नव्हे, हे तिथून पुढे सरकारी कागदांतही दिसू लागलं.

१९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारपणात जे स्वतः सोसलं, त्यातून त्यांनी हे काम उभं केलं. इथे आजार असलेले ‘शुभार्थी’ आणि त्यांना सांभाळणारे ‘शुभंकर’ एकत्र बसतात. थकलेला बाप दुसऱ्या थकलेल्या बापाला विचारतो, की गोळ्या घ्यायला नाही म्हणाला तर तुम्ही काय करता? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, दुसऱ्या बापाकडे आहे. वाणींच्याच पाठबळानं २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. अतुल कुलकर्णींचा शेष पाहून कितीतरी घरांनी आपल्या आतल्या खोलीचं दार उघडलं. याच जोडीच्या, नैराश्यावरच्या ‘कासव’ला २०१७ साली राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं.

साताऱ्याकडून आणखी एक धागा आला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्रानं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अंगात येणाऱ्या बाईकडे हसण्याऐवजी तिच्या घरात तिला बोलायला जागा आहे का, हे पाहायला शिकवलं. आमच्या गावांना याची फार गरज होती आणि आहे.

आता आमच्या पट्ट्याकडे. मनाबद्दल बोलणं इथे १९८६ साली सुरू झालं असं मी म्हणणार नाही. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला, आणि तो दर आषाढात आमच्याच दारावरून जातो. बारामतीत शारदा प्रांगणात मुक्काम, काटेवाडीत परीट मंडळी अंथरतात त्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. दिंडीत चालणारी म्हातारी अनोळखी बाईला दोन मैलांत जे सांगते, ते तिनं घरात वीस वर्षांत सांगितलेलं नसतं. चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, मध्येच अभंग सुरू झाला की रडू झाकलं जातं, आणि पंढरपूरनंतर ती ऐकणारी पुन्हा भेटणार नसते. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत लोकांचं काय हुकलं, ते दर्शनापुरतं नव्हतं. २०२०च्या एप्रिलमध्ये बारामती ‘भिलवाडा पॅटर्न’खाली कडेकोट बंद होती, दारोदार भाजी येत होती. भाजी घरपोच देता आली, दिंडीतलं बोलणं देता आलं नाही.

पण वारीचा आधार सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. संतांची भाषा माणसाला मोकळं करते, आणि तीच भाषा त्याचं तोंड बंद करायलाही वापरली जाते. ‘नामस्मरण कर, सगळं ठीक होईल’ हे वाक्य बरंचदा ऐकणाऱ्याला ऐकायचं नसतं म्हणून येतं. शिवाय पालखी आमच्याकडे वर्षातून मोजके दिवस असते.

बाकीच्या दिवसांचं काय? उजनी धरणात पळसदेवासारखी गावं बुडाली, दुष्काळात जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, तेव्हा उठवलेल्या घरांतली म्हातारी माणसं ते पाहायला जातात आणि कोणाचं घर कुठे होतं ते नातवंडांना दाखवतात. हेही दुःख बोलून काढणंच आहे. ज्या उसानं हा मुलूख उभा केला, त्याच उसाच्या मळीपासून देशी दारू होते. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एमआयडीसीनं माणसाचा दिवसच बदलला. पियाजोची रिक्षा, फेरेरोचं चॉकलेट, भारत फोर्ज, डेअरी, टेक्स्टाईल पार्क, यांनी कटफळ, रुई, तांदूळवाडी, जळोची या गावांत पगार आणला, पहिल्यांदा बायकांच्या हातातही आणला. तो मोठाच आधार आहे. पण विदर्भ-मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरं एका खोलीत चौघं राहतात, आणि चौघांच्या शिफ्ट वेगळ्या असल्या की एकमेकांना झोपलेलीच पाहतात. कॉन्ट्रॅक्टवरच्याला खाडा परवडत नाही. पेन्सिल चौकात शिफ्ट सुटल्यावर टपरीभोवती जी गर्दी होते, तिथे गाडीचा हप्ता, कंत्राटदार, क्रिकेट सगळं निघतं. ‘झोप येत नाही रे’ एवढंच कुणी म्हणत नाही, आणि म्हणालं तर उत्तर ठरलेलं: ‘एक क्वार्टर मार, लागेल.’

कागदावर पाहिलं तर परिस्थिती कधी नव्हे इतकी चांगली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, जो मे २०१८पासून लागू झाला, उपचार हा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असं हाच कायदा सांगतो. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलिमानस’ ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा सुरू आहे. बारामतीला २०१९पासून एमआयडीसीलगत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तरीही निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत दारूच्या व्यसनात अडकलेल्यांपैकी ८६ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत नव्हते. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. ओपीडी सकाळची असते, आणि सकाळी नाईटवाला झोपलेला असतो, फर्स्टवाला मशीनवर असतो. ओपीडीपर्यंत जायलाही आधी कुणीतरी ‘चल, मीही गेलो होतो’ म्हणावं लागतं. ते म्हणणारा गोल बसलेल्या माणसांतूनच मिळतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इमारत नको, उद्घाटन नको. पेन्सिल चौकाच्या आसपास एखाद्या शाळेनं, ग्रामपंचायतीनं किंवा गणेश मंडळानं एक खोली आठवड्यातून एक तास द्यावी. वेळ शिफ्ट पाहून ठरवावी: एका आठवड्यात फर्स्ट सुटल्यावर, दुसऱ्या आठवड्यात सेकंड सुरू होण्याआधी. बायकांचा गट वेगळा आणि त्यांच्या बसच्या वेळेला धरून असावा. कंपन्यांच्या एचआरनं त्याची माहिती सेफ्टीच्या फलकाशेजारी लावावी, पण कोण गेलं हे विचारू नये. व्यसनातून बाहेर पडलेल्या, घरात आजार सांभाळलेल्या दोन-तीन माणसांनी पुढे व्हावं; आपल्या तालुक्यात अशी माणसं आहेत. आणि आज रात्रीच कुणाला बोलायचं असेल, तर खोलीची वाट पाहू नका. टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.