उन्हाळ्याची भाजी : मोरीचे पाणी, जुना माठ आणि भंगारातला डबा



होळी झाली की आपल्या परभणी जिल्ह्यात ऊन तापू लागते. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, विहिरी तळाला लागतात आणि बाजारात भाजीचा भाव चढतो. नेमक्या ह्याच दिवसांत मृगाची तयारी करायची असते. बी घ्यायचे, खत घ्यायचे, मुलांच्या शाळा उघडायच्या असतात. अशा वेळी दर बाजाराला भाजीवर जाणारा पैसा घरात राहिला, तर पेरणीच्या दिवशी कोणाच्या दारात जाण्याची वेळ टळू शकते. म्हणून ह्या पत्रकात परसातल्या भाजीची आणि तिच्यासाठी लागणाऱ्या जुन्या सामानाची माहिती देत आहोत.

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण बाग त्याच्यावरच ठरते. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त आटते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद तुकडा साधारण सव्वानऊ चौरस मीटरचा होतो. म्हणजे पीक भरात असताना त्याला रोज नव्वद-पंचाण्णव लिटर पाणी मागणार. आता घरातली पाच माणसे, प्रत्येकाची एक बादली आंघोळ आणि वर भांड्यांचे पाणी धरा. शंभर लिटरच्या आसपास येते. तेव्हा दहा बाय दहाचा तुकडा हे आपले माप. सावली आणि आच्छादन केले तर ह्याच पाण्यात आणखी चार वेल निघतील. पण पहिल्या वर्षी हाव धरू नका. ज्या गावात टँकर येतो, तिथे प्यायच्या पाण्याचा थेंबही भाजीला घालू नये. डोक्यावरून हंडा आणणाऱ्या बाईचे कष्ट कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा मोठे आहेत.

मोरीचे पाणी जसेच्या तसे वाफ्यात सोडायचे नाही. तळाला भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठाचा खालचा अर्धा भाग घ्या. त्यात तळाला खडी, तिच्यावर जाड वाळू आणि वरती विटांचे तुकडे भरा. आंघोळीचे आणि भांडी विसळल्याचे पाणी ह्यातून गाळून निघाले की तेलकटपणा आणि खरकटे वरच अडते. वरचा थर आठ-पंधरा दिवसांनी काढून धुवावा, नाहीतर वास सुटतो. मात्र साबण आणि सोडा गाळणीत अडत नाहीत, हे ध्यानात असू द्या. धुण्याच्या सोड्यात आणि पुष्कळशा पावडरींत सोडियम असते. आपल्या काळ्या मातीत ते साठत गेले की माती ओली असता चिखलासारखी चिकटते आणि वाळल्यावर दगड होते. पाणी आत मुरत नाही. म्हणून कपड्यांचे पहिले फेसाळ पाणी शोषखड्ड्याकडे लावा आणि खळबळल्याचे पाणीच भाजीला घ्या. आठवड्यातून एखाद्या वेळी विहिरीचे साधे पाणी मिळाले तर तेही द्यावे. मोरीचे पाणी बुडाशी मातीत द्यायचे, पानांवर शिंपडायचे नाही. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात ह्यांना तर ते नकोच.

आता माठाची गोष्ट. कच्च्या भाजणीचे, झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात पाणी भरायचे आणि भोवती बी लावायचे, ही पद्धत फार जुनी आहे. आपल्या देशाबरोबर चीनमध्ये आणि आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखांतही ती चालते. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते. भोवतालची माती कोरडी असेल तर जास्त ओढले जाते, ओली असेल तर कमी. म्हणजे मडके स्वतःच पाणी मोजून देते. वरची माती कोरडी राहते, त्यामुळे तणही कमी आणि उन्हाने उडून जाणारे पाणीही कमी.

इथे एक मेख आहे. पुष्कळ जण घरातला जुना, आता पाणी गार न करणारा माठ बागेत पुरतात आणि मग वेल वाळला म्हणून पद्धतीला नावे ठेवतात. माठ पाणी गार करतो तो पाझरतो म्हणूनच. बाहेर आलेला ओलावा वाऱ्याने सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार वर्ष-दोन वर्षांत छिद्रांत बसतात, पाझर बंद होतो आणि गारवाही जातो. तेव्हा जो माठ पाणी गार करीत नाही, तो जमिनीतही पाणी देणार नाही. असा माठ पुरायचा असेल तर बुडाला खिळ्याने हळूहळू फिरवत एक बारीक भोक पाडा आणि त्यातून सुती चिंधीची घट्ट पिळलेली वात ओवा. वातीवाटे पाणी झिरपत राहील. शेजारपाजारून किंवा बाजारातून जुना माठ घेताना रात्री भरून कोरड्या पोत्यावर ठेवून बघा. सकाळी बाहेरून घाम आलेला दिसला तर माठ जिवंत आहे. गळ्याला चीर असली तरी चालते, बुडाला नको.

पाच ते आठ लिटरचा माठ पुरे. खड्डा माठापेक्षा वीतभर रुंद घ्या. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि माठापासून सुटते. माती सुटली की पाण्याची ओढही तुटते. म्हणून माठाभोवती नुसती काळी माती न दाबता कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरावी. तोंड जमिनीच्या दोन-तीन बोटे वर राहू द्या आणि त्यावर फरशीचा तुकडा किंवा जुनी ताटली झाका, नाहीतर डास अंडी घालतात. भोवती दोडका, कारले, दुधी किंवा काकडीचे चार-सहा बी टोका. उगवल्यावर चांगली तीन रोपे ठेवा. बी उगवेपर्यंत वरून थोडे पाणी द्यावेच लागते. पुढे दोन-तीन दिवसांनी माठ भरायचा. ह्यात गाळलेले मोरीचे पाणी मात्र घालू नका, छिद्रे लवकर बुजतात. मेथी-पालकासारख्या दाट पेरायच्या भाजीला माठ उपयोगाचा नाही, तिथे वाफाच बरा.

वाफ्यात काय लावावे? भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा, चुका, अंबाडी ही आपल्या उन्हाला टिकणारी मंडळी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरावे. परभणी क्रांती ही भेंडी इथल्याच मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिली. पाने पिवळी पडून झाड वाया घालवणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून ती देशभर गेली. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. स्थापना दिनी तिथे खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. त्या मेळाव्याला गेलात तर पुढच्या पेरणीबद्दल तज्ज्ञांना समोरासमोर विचारता येते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा आणि दाट सावलीतच पेरा. चिवळ तर पेरायलाही नको; ओल्या जागी आपोआप येते. निंदताना ती उपटून फेकू नका, मुगाची डाळ घालून तिची भाजी करा.

दुपारनंतरचे ऊन अडवले तर अर्धे काम झाले. पश्चिमेला जुन्या सुती साडीचा पडदा बांधा किंवा तुराट्यांचा कूड उभा करा. साडी उन्हाने एका हंगामात विरते, पण तोवर तिचे काम झालेले असते. मांडवालाही तुराट्याच वापरा. कपाशीच्या पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवायची आपली सवय मात्र सोडली पाहिजे. वाळक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ च्या हंगामात ह्या अळीने राज्यात कपाशीचे काय केले, ते तुम्हाला सांगायला नको. बुडाशी सोयाबीनचे भूस किंवा उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरावे; वाळवीवर नजर ठेवावी. दोडक्याचा वेल घराच्या पश्चिम भिंतीवर किंवा पत्र्यावर तुराट्या टाकून चढवला तर भाजीही मिळते आणि खोलीही थोडी निवते.

आता भंगाराकडे वळू. पंधरा किलोचा पत्र्याचा तेलाचा डबा, फुटकी घमेली, तडकलेली बादली, सिमेंटच्या गोण्या ह्यांत भाजी येते. तळाला भोके हवीत. पत्रा उन्हात तापून मुळे भाजतात, म्हणून डब्याला ओले गोणपाट गुंडाळा किंवा तो अर्धा जमिनीत पुरा. ठिबकच्या जुन्या नळ्या कोणी टाकून दिल्या असतील तर घ्या. परंतु टाकीला जोडून पाणी सोडून बघा, कारण क्षाराने बुजलेली नळी फुकट मिळाली तरी महागच. प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती रोपाजवळ उलटी रोवली, तर ठिबकचे काम होते. दवाखान्यामागे टाकलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या मात्र आणू नका. त्यांत सुया असतात, दुसऱ्याचे रक्त असते.

सगळ्यांत कळकळीची सूचना औषधाच्या डब्यांविषयी आहे. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा रिकामा डबा, कॅन, ड्रम कितीही चांगला दिसला तरी बागेत, मोरीत, गोठ्यात वा स्वयंपाकघरात आणायचा नाही. प्लास्टिक विष शोषून घेते, ते धुऊन जात नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. खाण्याच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्या घरी असला डबा असेल तर तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि डब्याला भोके पाडा, म्हणजे दुसरा कोणी तो वापरणार नाही. भंगारवाल्याकडून ड्रम घेताना आधी त्यात काय होते ते विचारा. तो 'काय माहीत' म्हणाला, तर घेऊ नका. वास घेऊन पारख करणे हा तर वेडेपणाच.

पितळी पातेले मोडीत स्वस्त मिळाले तर जरूर घ्या, पण कल्हई केल्याशिवाय त्यात चुका, अंबाडी, कढी असले आंबट शिजवू नये. जुना पत्र्याचा कूलर घेणार असाल तर वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढा. ओल्या पत्र्यात वीज उतरली तर माणूस जागीच जातो.

भाजी एकदम भरात आली की ती खाऊन संपत नाही आणि विकायला थोडी होते. मग वाळवण करावे. गवारीच्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढून निथळाव्या. कारल्याच्या आणि वांग्याच्या पातळ चकत्यांना मीठ लावावे. स्वच्छ धुतलेल्या सुती साडीवर पसरून वरून दुसरे पातळ कापड घालावे, म्हणजे धूळ आणि माशी बसत नाही. आपल्या वैशाखात दोन-तीन उन्हे पुरतात. चकती वाकली तर अजून ओल आहे. कडकन मोडली की झाले. गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरले तर आतून घाम येऊन बुरशी धरते. आषाढात झड लागली की ह्या काचऱ्या कामाला येतात.

भेंडीची दोन-तीन चांगली झाडे पहिल्यापासूनच खूण बांधून बियाण्याला सोडा आणि त्यांची शेंग तोडू नका. परभणी क्रांती सरळ वाण असल्याने तिचे बी पुन्हा पेरता येते, संकरित बियाण्याचे तसे नाही. मात्र शेजारी दुसऱ्या वाणाची भेंडी असेल तर मधमाश्यांमुळे भेसळ होते, हे पाहून घ्या. शेंग झाडावरच वाळून तिच्या शिरा उकलू लागल्या की काढावी, बी सावलीत वाळवावे आणि चाळलेली कोरडी राख मिसळून काचेच्या बरणीत ठेवावे. बरणीवर वाणाचे नाव आणि महिना लिहून चिकटवा.