चौक ओलांडताना

केळी किंवा कापूस घेऊन शहरात येणाऱ्याला बऱ्हाणपूरचे चौक कसे आहेत हे सांगायला नको. शनवारा दरवाजापाशी ट्रॅक्टर, ऑटो, मोटरसायकली, हातगाड्या आणि शाळेची मुले एकाच वेळी आली म्हणजे पायी माणसाने जीव मुठीत धरूनच पलीकडे जायचे. आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी बाजारही सोडला आणि रविवारची मिस्साही. विचारले तेव्हा म्हणाल्या, "चालता येतं रे बाबा, तो चौक तेवढा ओलांडता येत नाही."

ह्यात आजींचा दोष नाही. शहराभोवतीचा विटांचा कोट निजाम-उल-मुल्क आसफजाहने १७३१ साली बांधला. त्याला नऊ दरवाजे होते. आलेल्याला थोपवून, पाहून मग आत घ्यायचे ह्यासाठी दरवाजे असतात. बैलगाडीच्या चालीला ते ठीक होते. आज त्याच तोंडाशी चहूकडची वाहने येऊन मिळतात आणि थांबायला कोणी तयार नसतो.

वेगाचा हिशोब एकदा नीट समजून घ्यावा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. समोर मूल दिसले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो सेकंद संपतो. ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत आणखी जवळजवळ तितकेच अंतर जाते. एकूण २८ मीटर झाले. वेग ३० असेल तर हेच काम १३-१४ मीटरमध्ये होते. हा हिशोब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या ब्रेकचा आहे. केळीने भरलेल्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतातच. ती उलट ट्रॅक्टरलाच पुढे रेटते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५ होती.

आता चालणाऱ्याचा हिशोब पाहू. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो, म्हातारे माणूस पाऊण मीटर. बारा मीटर रुंदीचा रस्ता एकाला दहा सेकंदांचा, तर दुसऱ्याला सोळा सेकंदांचा होतो. त्यातून मोतीबिंदू असला की येणाऱ्या गाडीचा वेग नीट उमगत नाही. म्हणून रस्त्याच्या मधोमध उंचवट्याची एक थांबायची जागा केली तर फार फरक पडतो. एका वेळी एकाच बाजूकडे पाहायचे, अर्धा रस्ता ओलांडायचा, तेथे दम घ्यायचा. खर्च म्हणाल तर थोडे सिमेंट आणि चार दगड.

कोपऱ्याचेही तसेच आहे. वळणाची गोलाई मोठी असली की मोटरसायकलवाला वेग न कमी करता वळतो. गोलाई लहान केली की त्याला मुकाट्याने हळू व्हावे लागते. मात्र ती फार आवळली तर ट्रॉलीचे मागचे चाक फुटपाथवर चढेल आणि तेथे उभा असलेलाच सापडेल. तेव्हा मोजमाप करताना इंजिनियर साहेबांनी एखादा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळवून पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ मीटर ८० सेंटिमीटर लांब हवा. बारास एक हे त्याचे प्रमाण. पुष्कळ ठिकाणी हातभर लांबीचा घसरडा तुकडा ओतून उतार केला म्हणतात. ज्या गावाने १६१५ साली कुंडी भंडाऱ्याचे पाणी जमिनीखालून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले, त्या गावाला उतार शिकवावा लागू नये! अंधांसाठीच्या उठावाच्या पिवळ्या फरश्या आपण रेल्वे स्टेशनवर पाहतो. त्या जपानात सेइइची मियाके ह्यांनी काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवल्या. आपल्याकडे लोक त्यांवर सायकली उभ्या करतात.

आपल्या हातचेही बरेच आहे. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना लाल चमकपट्ट्या लावाव्यात. ऊस ट्रॉलीबाहेर लोंबू देऊ नये. कोपऱ्यापासून दहा पावले गाडी उभी करू नये, कारण तिच्या आडून निघालेले मूल कोणालाच दिसत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काही कीटकनाशके अंगात भिनली की डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, दिसणे अंधुक होते, हात कापतात. फवारणी करून तसेच मोटरसायकलवर बसू नये. आंघोळ करावी, कपडे बदलावेत. डोळे साफ होत नसतील तर गाडी न चालवता दुसऱ्या कोणाबरोबर दवाखाना गाठावा.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान किंवा कंबर दुखत असलेल्याला उगाच उचलू नये. पाणी, चहा पाजू नये. पोलिसांच्या भीतीने लोक बाजूला होतात. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

चौक सुधारावा म्हणून अर्ज करायचा तर नगर निगमकडे करावा आणि एक प्रत कलेक्टरांकडे द्यावी. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात त्यांना वापरता येतील असे रस्ते असावेत हे लिहिले आहे, त्याचा उल्लेख करावा. दाद न लागल्यास १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. पण नुसते "चौक धोक्याचा आहे" असे लिहून भागत नाही. दोघा-तिघांनी बाजाराच्या दिवशी घड्याळ घेऊन तासभर कोपऱ्यावर उभे राहावे. किती म्हातारी माणसे व मुले ओलांडतात, किती जण अर्ध्यातून परत फिरतात, हातगाड्या नेमक्या कोठे उभ्या असतात, हे कागदावर टिपावे, चौकाचे वेडेवाकडे का होईना चित्र काढावे. तो कागद अर्जाला जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.