मुक्कामाची नोंद

बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आठवतो. पण कागल तालुक्यातले हे गाव प्रवाशांच्याही वाटेवर आहे. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, पावसाळ्याच्या तोंडावर राधानगरीचे काजवे बघायला निघालेली कुटुंबे, दाजीपूरचे गवे शोधणारे हौशी, अशा कितीतरी जणांना रात्रीचा आसरा लागतो. शेतातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, असे इथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिकच. मग प्रश्न येतो नोंदणीचा, आणि या नोंदणीची मुळे थक्क व्हावे इतकी खोल आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे एक प्रकरण आहे. घरी कोण उतरले, कोण निघून गेले याची वर्दी घरमालकाने द्यायची. न दिल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्या माथी. रात्र सुखरूप गेली तरीही तीन पण दंड! अघटित घडण्याची वाट न पाहता केवळ नोंद चुकवणे हाच अपराध ठरवणारी ही दृष्टी मला फार मोठी वाटते. 1867 च्या सराई कायद्यानेही तेच सूत्र धरले. सराई जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदवायची, पाणी स्वच्छ ठेवायचे, दराचा तक्ता लावायचा. कसूर झाल्यास 20 रुपयांपर्यंत दंड, आणि त्या काळी ही रक्कम किरकोळ नव्हती.

आजच्या शेतकऱ्यासाठी महाराष्ट्राचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर शेती हवी. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे करायचा, सोबत सातबारा, आधार, पॅन, वीजबिल जोडायचे. नोंदणी शुल्क 2500 रुपये, पाच वर्षांनी नूतनीकरणाला 1000. पाहुण्यांना झुणका-भाकर वाढायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांकही हवा.

शेती नसेल, नुसते राहते घर असेल, तर केंद्राची निवास-न्याहारी योजना आहे: एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त 12 खाटा, आणि मालकाने त्याच घरात राहायचे. ही शेवटची अट सर्वांत शहाणपणाची. कुलूप लावून किल्ली कुणाच्या तरी हाती सोपवणाऱ्या मालकाला घरात कोण उतरले आहे हे कळणार कसे?

रोजचे काम मात्र वहीचे. नाव, पत्ता, कुठून आला, कुठे जाणार, आल्याची वेळ, ओळखपत्राचा क्रमांक, सही. पाहुणा परदेशी असेल तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते. रात्री उशिरा गाडी आली, सगळे दमलेले आहेत, म्हणून सही सकाळवर ढकलू नये. पहाटे दाजीपूरला निघणारा पाहुणा यजमान उठायच्या आधीच गेलेला असतो.