नव्या सिस्टरचे धडे

फार आजारी मुलांसाठी मोठ्या इस्पितळात एक वेगळा विभाग असतो. त्याला अतिदक्षता विभाग म्हणतात. अतिदक्षता म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखण.

इथे नवी सिस्टर येते. ती परीक्षा पास झालेली असते. तरी सुरुवातीला तिच्या जोडीला जुनी सिस्टर असते.

पहिला धडा असा. मोठ्या माणसाचे माप मुलाला लावायचे नाही. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडते. तान्ह्या बाळाची नाडी १४० पडली, तरी ते ठीकच असते. मुलाचे औषध बहुधा वजनावर ठरते. हिशेबात दशांशाचे टिंब एक घर सरकले, की औषध दहापट होते! मग बाळाचा जीवही जाईल. म्हणून जोखमीचे औषध दोघीजणी तपासतात. दोघी वेगवेगळा हिशेब करतात. उत्तर जुळले, तरच औषध देतात.

दुसरा धडा. यंत्राची घंटा वाजली, की आधी मुलाकडे पाहायचे. छाती हलते का? ओठ निळे पडले का? कधी नुसती तार सुटलेली असते. कधी यंत्र गप्प असते, पण मूल मलूल झालेले असते.

तिसरा धडा. विचारायला लाजायचे नाही. "ताई, हे मला समजले नाही," असे म्हणण्यात कमीपणा कसला?

चौथा धडा. आईचे ऐकायचे. "आज हा नेहमीसारखा दिसत नाही," असे आई म्हणाली, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे.

तुमचे मूल तिथे असले, तर तुम्हीही सांगा. संकोच करू नका.