पत्राची वाट कुणी ठरवायची?

१९८०च्या दशकात युरोपातून ब्रिटनला ईमेल पाठवताना अनेकदा पत्त्याऐवजी अख्खा रस्ता लिहावा लागे. ‘एमसीव्हॅक्स!यूकेसी!’ आणि पुढे माणसाचा संगणक. पहिला थांबा अ‍ॅमस्टरडॅमचा, दुसरा कँटरबरीच्या केंट विद्यापीठाचा. दर उद्गारचिन्हाला पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाई, बहुधा फोनच्या तारेवरून.

मग पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांचा ‘पाथअलायस’ हा प्रोग्राम आला. जोडण्यांच्या नकाशावरून तो सर्वांत स्वस्त वाट काढून देई. स्वतःचं पत्र धाडायला ही उत्तम सोय. पण मधले काही संगणक दुसऱ्यांच्या पत्रांवरही ती चालवू लागले. लिहिलेला रस्ता पुसायचा, आपला घालायचा! यात दोन घात होते. या जाळ्यात नावं नोंदवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे एकाच नावाचे दोन संगणक असू शकत. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत? ‘कोणत्या वाटेवरचं वडगाव’ हे पुसून टाकलं, तर पत्र भलत्याच गावी जाणार. शिवाय पाठवणाऱ्यानं बंद पडलेली जोडणी मुद्दाम टाळलेली असली, तर मधला शहाणा पत्र पुन्हा तिकडेच ढकलणार.

१९८४मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश विद्यापीठांच्या ‘जॅनेट’ नेटवर्कमध्ये नावांची नोंदणी होती, पण त्यांचा क्रम जगाच्या उलटा, देश आधी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा संगणकशास्त्र विभाग म्हणजे ‘यूके.एसी.यूसीएल.सीएस’. शेवटचं ‘सीएस’ बाहेरच्या जगात चेकोस्लोव्हाकियाचं चिन्ह! वेशीवरच्या संगणकानं क्रम ओळखण्यात चूक केली, की लंडनचं पत्र प्रागच्या वाटेला लागू शके.

याच ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी माहितीच्या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव दिलं. पॅकेटची वाट तर दर थांब्यावर नव्यानं ठरते. तिथे घोळ होत नाही, कारण पोचायचं ठिकाण एकमेव असतं आणि वाट बदलली तरी ते बदलत नाही. माझ्या मते सगळा निवाडा इथेच आहे: मधल्यानं पुढचा थांबा खुशाल निवडावा, पत्त्याचा अर्थ लावू नये. आजचा ईमेलचा नियमही तेच सांगतो. ‘@’च्या डावीकडच्या नावाचा अर्थ फक्त उजवीकडच्या डोमेनच्या संगणकानं लावायचा.

आपल्या एखाद्या ईमेलचं मूळ रूप उघडून पाहा. त्यातल्या ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचा. पत्र कुणाकुणाच्या हातून आलं, ते तिथे क्रमानं लिहिलेलं सापडेल.