समतेचे प्रशिक्षण आणि कामाची रचना

कारखान्यात, कचेरीत अथवा रुग्णालयात निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे स्त्री-पुरुष एकत्र काम करू लागले, म्हणजे त्यांच्यात समतेचा व्यवहार आपोआप रुजतो असे नाही. यास्तव कर्मचाऱ्यांना समतेचे प्रशिक्षण देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे. भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या १९ व्या कलमाने अशा कार्यशाळा नियमितपणे भरविणे हे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. तथापि प्रशिक्षण झाले म्हणजे वर्तन पालटले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

या संबंधात कालेव, डॉबिन व केली या समाजशास्त्रज्ञांचे २००६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन उद्बोधक आहे. अमेरिकेतील ७०८ खाजगी आस्थापनांची त्यांनी पाहणी केली. व्यवस्थापनाच्या जागांवर स्त्रियांचे व कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढविण्याच्या कामी केवळ पूर्वग्रह दूर करू पाहणारे प्रशिक्षण फारसे उपयोगी पडले नाही. उलट, हे काम विशिष्ट व्यक्तींवर किंवा समितीवर जबाबदारी म्हणून सोपविले तेथे प्रगती अधिक दिसली. लक्षणीय गोष्ट अशी की, अशी जबाबदारी निश्चित झाल्यावर प्रशिक्षणाचा परिणामही सुधारला. म्हणजे दोष शिकविण्याच्या कल्पनेत नसून, शिकविणे कामापासून तुटलेले असण्यात आहे.

ही सांगड कशी घालता येते, याचे उदाहरण पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. परगावच्या परिचारिकांकडून खेड्यातील काम नीट होईना, तेव्हा त्याच गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे ठरले. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. प्रशिक्षणासाठी त्या वेळोवेळी जामखेडला येऊन एकत्र राहत. प्रारंभी वरिष्ठ मानल्या जाणाऱ्या जातींच्या स्त्रियांना दलित स्त्रियांच्या पंगतीस बसणे जड गेले. परंतु एकत्र राहणे, एकत्र जेवणे आणि एकच विद्या शिकणे हे वरचेवर घडत गेले, तसा तो दुरावा ओसरला.

या परिवर्तनाची मीमांसा गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ सालच्या प्रतिपादनावरून करता येते. भिन्न गटांतील माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाही. त्यांचा दर्जा त्या प्रसंगी समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते परस्परसहकार्याने साधावे लागते आणि संस्थेचा अधिकार या व्यवहाराच्या पाठीशी असावा लागतो. जामखेडच्या वर्गात या चारही अटी कामातूनच पुऱ्या झाल्या. त्याशिवाय पाचवी गोष्ट घडली : सेविकेच्या हाती खरे कौशल्य आले. बाळंतपण सुखरूप पार पाडणाऱ्या स्त्रीला दाराबाहेर उभे करणे कोणत्याही घराला अवघड जाते. पाण्याच्या हातपंपांसाठीही दलित वस्तीतील जागा निवडण्यात आल्या. परिणामी साऱ्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत जाणे भाग पडले. उपदेशाने जे सहज साधले नसते, ते पंपाच्या जागेने साधले.

हाच निकष जिल्ह्यातील दुसऱ्या एका कार्यक्षेत्रास लावून पाहणे उचित होईल. सहकारी साखर कारखानदारीचा पाया लोणीच्या प्रवरा कारखान्याने याच जिल्ह्यात घातला. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहते. परंतु मुकादमाकडून मिळणारी उचल व मजुरी जोडीची असते आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. हिशेबाच्या वहीत जिचे स्वतंत्र नावच नाही, तिच्या समतेविषयी कारखान्याच्या सभागृहात दिलेले व्याख्यान फडापर्यंत कसे पोहोचणार? तेथे प्रशिक्षणाचा आरंभ वहीत तिचे नाव घालण्यापासून, मजुरी तिच्या हाती देण्यापासून आणि कायद्यानुसार जिल्ह्यात नेमावयाच्या स्थानिक समितीकडे तक्रार कशी करावी हे तिला व मुकादमाला सांगण्यापासून झाला पाहिजे.

यावरून प्रशिक्षण योजणाऱ्यांस काही गोष्टी ध्यानी घेता येतील. ते एका दिवसाचा समारंभ नसून कामाच्या वेळापत्रकाचा भाग असावे. शिकणाऱ्यांत अधिकारी व कनिष्ठ कर्मचारी एकाच पंगतीस बसावेत. भरती, बढती, मजुरी व तक्रारनिवारण यांतील विषमतेचे उत्तरदायित्व नामनिर्देशाने कोणावर तरी असावे. आणि यशाचे माप उपस्थितीच्या नोंदवहीत न शोधता, बढती कोणास मिळाली, तक्रार कोणी निर्भयपणे केली व तिचा निकाल किती दिवसांत लागला, यांत शोधावे.

जामखेडच्या प्रयोगाचे यश त्यास वाहून घेतलेल्या दांपत्यामुळे होते, ते अन्यत्र कसे साधणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु एकत्र पंगत, खरे कौशल्य व निश्चित जबाबदारी यांसाठी असामान्य व्यक्तीच लागतात असे नाही; त्यांसाठी नियम करता येतात. समता शिकविण्यापूर्वी ती कामाच्या रचनेत बसविली, तर शिकविण्याचे निम्मे काम ती रचनाच करते.